पत्त्यांच्या फळ्यावरची काच

जे वाचण्यासाठी आहे त्यावर लिहू नये, जे लिहिण्यासाठी आहे ते चालवू नये, आणि जे चालवायचं आहे त्याला तर कोणी बोटही लावू नये. मानवी संस्कृती आजवर टिकली ती या एका तत्त्वावर, आणि बुडालीच तर याच तत्त्वाचा विसर पडल्यामुळे बुडेल, असं कुलूपवहिनींचं ठाम मत होतं.

हे मत त्यांनी खणखणीत आवाजात मांडलं तेव्हा त्या कंपनीच्या पॅन्ट्रीत उघड्या फ्रीजसमोर उभ्या होत्या, आणि त्यांच्या डब्यातलं अर्धं जेवण कोणीतरी खाल्लं होतं.

"डब्यावर माझं नाव आहे," त्या म्हणाल्या. "नाव वाचायला ठेवलंय. वाचा. पोटभर वाचा. डबा उघडायची परवानगी कोणी दिली?"

पॅन्ट्रीतली मंडळी आपापल्या कपात बघू लागली. एकटे झटपटराव तेवढे तोंड पुसत म्हणाले, "अगं, तात्पुरतं घेतलं. संध्याकाळी भरपाई करतो ना."

झटपटराव हे वहिनींचे यजमान. त्यामुळे गुन्हा कौटुंबिक ठरला आणि संस्कृतीवरचं संकट तूर्त टळलं.

कंपनी लिफ्टची होती. लोखंड, दोर, मोटर हे सगळं दुसरीकडून यायचं. लिफ्टला अक्कल घालायचं काम इथे व्हायचं. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, माणसं जास्त झाली की बझर वाजवून दार कसं अडवून धरायचं, हे प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीतला एक छोटा संगणक ठरवायचा. त्या संगणकातला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत झटपटराव पहिल्या नंबरचे. कुठेही काही अडलं की ते बाह्या सरसावून, चहा निवायच्या आत ते चालू करून देत. म्हणून तर झटपटराव. आणि सगळ्यांनी लिहिलेले तुकडे कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत आणून, एकमेकांना जोडून, सील करून बाहेर पाठवण्याचं खातं वहिनींचं. त्यांच्या हातून गेल्याशिवाय एकही लिफ्ट वर जायची नाही की खाली यायची नाही.

ऑफिसातले सगळे नवऱ्याचे मित्र, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. मालकसुद्धा वहिनीच म्हणत. आणि दिसेल त्याला कुलूप घालायची हौस, म्हणून कुलूपवहिनी. नवऱ्याला हाक मारायचा मात्र तिढा होता. घरचं 'अहो' ऑफिसात शोभेना आणि ऑफिसातलं 'सर' जिभेवर चढेना. शेवटी कामाच्या वेळेत त्या त्यांना 'हे बघा' म्हणू लागल्या. झटपटराव मित्रांना सांगत, "घरी काय, दारी काय, मला फक्त वाचायची परवानगी आहे. लिहायची कुठेच नाही."

त्या दिवशी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सुरू व्हायची होती आणि तिच्यात वहिनींनी एक नवं कुलूप घातलं होतं. त्याची माहिती त्या सकाळपासून भेटेल त्याला देत होत्या. भेटेल तो काम आठवून निघून जात होता. सापडल्या त्या एकट्या शंकाताई. या प्रोग्रॅम तपासणाऱ्या. प्रत्येक गोष्टीवर शंका घेण्याचाच त्यांना पगार मिळत असल्यामुळे त्यांना पळून जाता आलं नाही.

"हे बघ," वहिनी म्हणाल्या, "प्रोग्रॅम मेमरीत राहायला येतो तो बिऱ्हाडासारखा, खोल्या पाडून. एका खोलीत कामाच्या सूचना. त्या वाचा, चालवा, पण खाडाखोड नाही. दुसऱ्या खोलीत ठरलेल्या गोष्टी, म्हणजे लिफ्टला किती वजन झेपतं वगैरे. ते काचेचं कपाट, नुसतं बघायचं. तिसरी खोली कच्च्या कामाची. लिफ्ट आत्ता कुठे आहे, दार उघडं की बंद, हवं तेवढं लिहा-पुसा. पण तिथलं काही चालवायचं नाही."

"मग भांडण कुठे आहे?"

"व्हरांड्यात." वहिनींनी आवाज खाली आणला. "आपला प्रोग्रॅम सगळं सामान स्वतः आणत नाही. काही कामं तयार गाठोड्यांतून, म्हणजे लायब्रऱ्यांतून, येतात. वजन तपासणारी लायब्ररी वेगळी, ती 'दार बंद होत आहे' म्हणणाऱ्या बाईची लायब्ररी वेगळी. प्रोग्रॅमजवळ नुसती नावं असतात. मग लोडर म्हणून यंत्रणेचा एक कारकून असतो, तो जातो, कोण कुठे उतरलंय ते शोधतो, आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर नावासमोर पत्ता लिहितो. कोणाला बोलवायचं झालं की प्रोग्रॅम फळा बघतो आणि त्या पत्त्यावर जातो."

"बरं मग?"

"मग काय! आपण इतकी वर्षं आळशीपणा केला. ज्याची गरज पडेल त्याचा पत्ता तेव्हा शोधायचा. म्हणजे फळा कायम उघडा आणि खडू शेजारी लटकवलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याने उद्या पत्ता पुसून दुसरा लिहिला तर?"

"कोण लिहिणारे वहिनी? आत सगळी आपलीच तर माणसं."

"आपलीच माणसं डबे खातात," वहिनी म्हणाल्या. "आजपासून सगळे पत्ते सुरुवातीलाच लिहायचे आणि फळ्यावर काच बसवायची. मग कोणी खडू घेऊन गेलंच, तर यंत्रणा त्याच जागी अख्ख्या प्रोग्रॅमची मान धरणार."

"पण कोणी जाणारच नाही."

"नाहीच जाणार. पण काच असावी."

नवी आवृत्ती आधी ऑफिसच्याच लिफ्टमध्ये सुरू व्हायची, तीही मालकांना आत घेऊन, आणि तिथे चालली की मग शहरभरच्या इमारतींत जायची. शिवाय त्याच दिवशी वरच्या मजल्यावर मालक नव्या तांत्रिक प्रमुखाचं नाव जाहीर करणार होते. ते नाव कोणाचं हे पॅन्ट्रीतल्या फ्रीजलासुद्धा ठाऊक होतं. झटपटरावांनी नवा शर्ट घातला होता आणि सासूबाईंनी सकाळीच मुलाच्या गालावरून हात फिरवून "आता तरी पंखा दुरुस्त कर" असा आशीर्वाद दिला होता. घरातला पंखा लग्नाच्या वर्षापासून एका तात्पुरत्या वायरवर चालत होता. मोरीचा नळ तात्पुरत्या दोरीने बांधलेला होता. दिवाणखान्याचं दार तात्पुरत्या घडी केलेल्या पुठ्ठ्यावर टेकलेलं होतं. घर मजेत चाललं होतं.

मालकांच्या लिफ्टमध्ये शिरण्याची एक रीत होती. वर पोचेपर्यंत त्यांच्या कानाशी लागायला मिळावं म्हणून सगळी वरिष्ठ मंडळी आधीच आत घुसून मोक्याच्या जागा धरत. एक जण दार धरून "या साहेब, या" म्हणे, आणि खच्चून भरलेल्या लिफ्टमध्ये मालक सर्वांत शेवटी पाऊल टाकत. तेही मोठ्या समाधानाने. कारण लिफ्ट निमूट निघे. कंपनीच्या जाहिरातीतसुद्धा हीच लिफ्ट होती, माणसांनी गच्च, सगळी हसरी. आणि खाली लिहिलेलं, 'सर्वांना सामावून घेणारी लिफ्ट'.

त्या दिवशीही मंडळी आत घुसली. मालक आत आले. झटपटराव त्यांच्या कोपराशी. वहिनी बाहेर लॅपटॉप घेऊन उभ्या, शंकाताई मागे. वहिनींनी नवी आवृत्ती सुरू केली.

दारावरचा मजल्याचा आकडा विझला. आतला दिवा राहिला, पंखा राहिला, पण लिफ्ट ढिम्म. दार उघडंच. "दार बंद होत आहे" म्हणणारी बाई 'दा' म्हणायच्याही आधी गप्प झाली होती. लॅपटॉपवर एकच ओळ उमटली: सेगमेंटेशन फॉल्ट.

वहिनींनी ओळ पुन्हा वाचली. ओळ तीच होती.

"काय म्हणतंय?" मालकांनी आतून विचारलं.

"प्रोग्रॅम मेला, साहेब."

"कोणी मारला?"

"मी," वहिनी म्हणाल्या, आणि सगळ्या लिफ्टने एकदम श्वास घेतला. "म्हणजे माझ्या काचेने. कोणीतरी फळ्यावर लिहायला गेलं."

लिफ्टमधल्या कोणालाही फळा म्हणजे काय ते कळलं नाही. पण मारणारी सापडल्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. गर्दीतून सूर निघाले, "कालपर्यंत छान चाललं होतं हो," "कशाला नसतं कुलूप," "चालत्या लिफ्टला..." मालकांनी हात वर केला. "वहिनी, ते कुलूप काढून परत सुरू होईल ना?"

"होईल. एक शब्द बदलला की होईल. पण साहेब..."

"काढ ना मग!" हे झटपटराव बोलले. जरा जास्तच मोठ्याने बोलले. वहिनींनी वर पाहिलं. नव्या शर्टाची कॉलर घामाने ओली झाली होती आणि चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. "तात्पुरतं काढ," ते हळू म्हणाले.

संसारात हा शब्द वहिनींनी पंख्याइतक्याच वेळा ऐकला होता. पण आज त्याच्या टोकाला घाम होता.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "तोवर जिन्याने..."

जिना या शब्दावर लिफ्टमध्ये जी शांतता पसरली, तशी शांतता कंपनीने पूर्वी अनुभवली नव्हती.

प्रोग्रॅम मरताना आपल्या मेमरीचा ठसा मागे ठेवून जातो. मेलेल्याने शेवटचं पाऊल कुठे टाकलं, हात कुठे घातला, हे त्यात दिसतं. टेबलाशी येऊन वहिनींनी तो ठसा उघडला. शंकाताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि उत्साहाने चष्मा पुसू लागल्या.

"हात घातला फळ्यावर, हे खरंच," वहिनी म्हणाल्या. "आता हात कोणाचा?"

त्यांनी पत्ता जुळवून पाहिला. परत जुळवला. मग चष्मा काढला, डोळे चोळले.

"बाईचा."

"कुठल्या बाईचा?"

"'दार बंद होत आहे'वाल्या बाईचा. तिची लायब्ररी मेमरीत आल्या आल्या, एक शब्द बोलायच्या आधी, थेट व्हरांड्यात जाते आणि फळ्यावरचा एक पत्ता पुसते."

शंकाताईंचा आ वासला. "इतक्या गोड आवाजाची बाई!"

"पुसते तो कोणाचा, ते ऐक." वहिनींनी पडद्यावर बोट ठेवलं. "वजन तपासणाऱ्याचा. त्याच्या जागी स्वतःच्या घरातला एक पत्ता लिहून ठेवते. प्रोग्रॅम विचारायला जातो, वजन जास्त आहे का? तिथे जो बसलाय तो काट्याकडे बघतसुद्धा नाही. त्याला एकच वाक्य येतं. 'सगळं ठीक आहे.'"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, तेव्हा दोघी दचकल्या.

"म्हणजे," शंकाताई चाचरत म्हणाल्या, "आपल्या लिफ्टमध्ये बझर..."

"वाजतच नाही."

"फक्त ऑफिसच्या?"

"बाईची लायब्ररी सामायिक आहे. एकच प्रत, सगळ्या इमारतींत." वहिनींनी फाइलचा इतिहास उघडला. "आणि हे सात वर्षांपूर्वी घातलंय."

शंकाताईंनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अहो, पण मी दर आवृत्तीला तपासते! लोखंडाची वजनं चढवते! बझर बोंबलतो, माझे कान किटतात!"

"तपासणी मोडमध्ये तपासतेस."

"तसाच नियम आहे."

"आणि तपासणी मोडमध्ये बाईचा आवाज बंद का असतो?"

तो नियम बाहेरून येणाऱ्या तपासनीसांच्या विनंतीवरून झाला होता. ती बाई बोलू लागली की माझी आकडेमोड चुकते, असं ते म्हणाले होते. म्हणून तपासणीत बाईची लायब्ररी मेमरीत आणतच नसत. बाई नाही, तर फळा पुसायला कोणी नाही. दरवर्षी वजन-लायब्ररीची ओळ न् ओळ वाचून तपासनीस शिक्का मारत. त्यात त्यांची चूक नव्हती. त्या सूचनांना कोणी बोटही लावलं नव्हतं. त्या आपल्या खोलीत निष्कलंक बसून होत्या. त्यांच्याकडे कोणी येतच नव्हतं, इतकंच.

"आणि लोकांनी सात वर्षांत तक्रार नाही केली?" शंकाताई म्हणाल्या, आणि स्वतःच उत्तर समजून गप्प झाल्या. बझर वाजला म्हणून तक्रार करणारे पुष्कळ. बझर मला बघून वाजला नाही, अशी तक्रार घेऊन आजवर कोण आलंय? उलट गिऱ्हाइकं सांगत, तुमची लिफ्ट माणसाचा अपमान करत नाही. शेजारच्या कंपनीची लिफ्ट चार माणसांत बोंब मारते. खप वाढला होता. त्याच सुमारास ती जाहिरात निघाली होती.

"कोणी घातलंय ते तरी बघा," शंकाताई म्हणाल्या.

वहिनींना बघायची गरज नव्हती. त्या एका ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याने टीप लिहिली होती: 'तात्पुरतं. कार्यक्रम झाला की काढणे.'

वहिनींच्या पायाखालची जमीन सरकली. लिफ्टच्या धंद्यात जमीन सरकण्याची सवय असते, पण तिथे निदान आपण कुठल्या मजल्यावर उतरणार हे ठाऊक असतं.

झटपटराव जिन्यात सापडले. जिना ही ऑफिसातली सर्वांत एकांताची जागा होती. कठड्यावर बोटभर धूळ होती. ते मधल्या वळणाच्या पायरीवर बसून होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या. ऑफिसात त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघाला, आणि झटपटरावांनी ओळखलं की आता सुटका नाही.

"सांगतो," ते म्हणाले. "पहिली लिफ्ट सुरू झाली तो दिवस आठवतो? सकाळी पाहुणे आले. सगळे आधी आत शिरले. मालक शेवटी. त्यांनी पाय ठेवला आणि बझर."

"मग कोणी तरी उतरायचं!"

"कोण उतरणार? जो उतरेल तो जास्तीचा ठरणार! सगळे छताकडे बघत उभे. मालकही उभे. फोटो काढेपर्यंत बझर चालू. फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, कानठळ्यांनी. दुपारी आणखी मोठे पाहुणे यायचे होते. मालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दुपारी असं व्हायला नको. मला तेवढ्यात काय सुचणार? वजनाच्या लायब्ररीला हात लावता येत नाही, ती मंजूर झालेली. मग म्हटलं, पत्ता बदलू. दुपारपुरता."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जेवण होतं ना."

वहिनी कठड्याला टेकल्या. धुळीचं त्यांना भान राहिलं नाही. "सात वर्षं, अहो!"

"मला नंतर आठवलं होतं गं. एकदा-दोनदा. पण तोवर ते सगळीकडे गेलं होतं. काढायचं म्हटलं तर का घातलं ते सांगावं लागणार. आणि तसा धोका नाही, ब्रेक वेगळे आहेत, ते लोखंडाचे, प्रोग्रॅमला विचारत नाहीत. दोर दणकट असतात." त्यांनी वर पाहिलं. "फक्त आजचा दिवस. काच काढ. नाव जाहीर होऊ दे. उद्या मी गुपचूप ती ओळ काढतो, तू काच लाव. कोणाला कळणार नाही. शपथ."

"म्हणजे तात्पुरती काढू?"

"तात्पुरती."

एक शब्द बदलायचा होता. वहिनींच्या बोटांना तो पाठ होता. नवरा प्रमुख झाला असता, पंखाही कदाचित दुरुस्त झाला असता. त्या काही बोलणार इतक्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाई.

"सूनबाई, झालं का गं जाहीर? ह्या सगळ्या विचारतायत."

"कोण सगळ्या? कुठे आहात तुम्ही?"

"लिफ्टमध्ये. वरचे शेजारी घर बदलतायत ना, त्यांचं लोखंडी कपाट खाली नेतोय. कपाट, दोन हमाल, शेजारी नवरा-बायको आणि आम्ही चौघी शेजारणी. शिवणयंत्रही घातलंय. मावलं की गं सगळं! मोठ्या मनाची लिफ्ट हो तुमची."

"आई, उतरा. आत्ताच्या आत्ता. पुढचा मजला दाबा आणि उतरा."

"का गं?"

"वजन जास्त झालंय!"

"छे! काही तरीच. बझर कुठे वाजलाय?" सासूबाई हसल्या. "जास्त असतं तर वाजला नसता का? माझा मुलगाच बनवतो तो."

झटपटरावांनी फोन जवळजवळ हिसकावला. "आई, उतर! ऐक माझं, सगळे उतरा!"

"अरे, तू होय! अभिनंदन, बाळा!"

"आई, बटण दाब!"

पलीकडे थोडी कुजबुज झाली. एक लांबलचक कर्र आवाज आला, तो ऐकताना दोघं नवरा-बायको एकमेकांचा हात धरून दगडासारखी उभी राहिली. मग ती गोड बाई म्हणाली, "दार उघडत आहे." त्यानंतर धापा, बांगड्या, आणि कोणीतरी हमालाला दिलेल्या शिव्या.

"उतरले बाबा," सासूबाई म्हणाल्या. "आता जिन्यात बसलेय, गुडघे धरून. तुझ्या प्रमुखपणाची ही सुरुवात का रे?"

झटपटरावांनी फोन परत दिला. ते त्याच पायरीवर बसले.

"काच राहू दे," शेवटी ते म्हणाले.

"राहणारच होती," वहिनी म्हणाल्या. हे शंभर टक्के खरं होतं की नाही, ते त्यांनी पुढे कोणालाही, स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

मालकांच्या खोलीत वहिनी बोलायला उभ्या राहिल्या. पहिल्या वाक्यालाच झटपटराव मध्ये पडले. "ते मी केलं, साहेब," म्हणाले, आणि फळ्यापासून कपाटापर्यंत सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं काम पूर्ण केलं होतं.

मालक ऐकत होते. सुरुवातीला हातात पेपरवेट होता, तो मध्येच कधीतरी खाली ठेवला गेला. भिंतीवर जाहिरातीचं मोठं चित्र होतं, गच्च भरलेली हसरी लिफ्ट. मालकांनी वळून ते पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. शहरात अशा किती लिफ्ट या घटकेला वर चालल्या असतील, हा हिशोब तिघांच्याही चेहऱ्यावर दिसत होता, आणि तिघांपैकी कोणालाही तो पुरा करायचा नव्हता.

मालकांनी पेपरवेट दूर सारला. "म्हणजे तेव्हापासून मी आत आलो की बझर वाजत नव्हता..."

"कोणीही आलं तरी वाजत नव्हता, साहेब."

"मला वाटलं मी बारीक झालो."

वहिनींनी झटपटरावांकडे पाहिलं, झटपटरावांनी पेपरवेटकडे.

"त्या दिवसानंतर मी रात्रीचं जेवण सोडलं होतं," मालक म्हणाले. "दुपारी वाजला नाही ते तेवढ्यापुरतं असेल, पण पुढच्या आठवड्यातही लिफ्ट गप्प. म्हटलं, गुण आला! मग परत जेवायला लागलो. बेताने. लोकांना सल्ले दिले हो मी. माझ्या व्याह्यांनी माझं ऐकून साखर सोडली." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की वहिनींना क्षणभर लिफ्टचा विसर पडला.

पण माणूस धंद्यात उगाच मोठा झाला नव्हता. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, फोन उचलला, आणि सगळ्या इमारतींच्या लिफ्ट ताबडतोब थांबवायला सांगितल्या. त्या ओळीशिवायची आणि काचेसकटची आवृत्ती संध्याकाळच्या आत सगळीकडे जायला हवी, म्हणाले. ती मिळाल्यावरही लिफ्ट लगेच सुरू करायची नव्हती. झटपटरावांनी उद्यापासून लोखंडी वजनं घेऊन प्रत्येक इमारतीत जायचं, वजनं स्वतः चढवायची, बाईचा आवाज चालू ठेवून बझर ऐकायचा, आणि मगच दार लोकांना उघडायचं.

"वजनं वरच्या मजल्यापर्यंत कशी न्यायची, साहेब?" झटपटरावांनी विचारलं.

"जिन्याने," मालक म्हणाले. "आणि जाहिरात उतरवा."

तांत्रिक प्रमुखाचं नाव त्या दिवशी जाहीर झालं नाही. नवा शर्ट घडी करून कपाटात गेला.

वहिनींनी ती एक ओळ काढली, सगळं पुन्हा कंपाइल केलं, जोडलं, आणि फळ्यावर काच घट्ट बसवली. दुपारी ऑफिसच्या लिफ्टशी परत तीच मंडळी जमली. आकडा उजळला. बाई म्हणाली, "दार उघडत आहे." सकाळच्या प्रकारानंतर काही बदललं असेल असं वाटलं होतं, पण मंडळी नेहमीसारखीच आत घुसली, मोक्याच्या जागा धरल्या, एकाने दार धरलं, "या साहेब, या."

मालक एक क्षण थबकले. मग पाऊल टाकलं.

बझर वाजला.

सात वर्षांचा साठवून ठेवल्यासारखा वाजला. कोणी छताकडे पाहिलं, कोणी पंख्याकडे, एकाने खिशातून फोन काढून बंद फोनवरच काहीतरी वाचायला घेतलं. उतरलं कोणीच नाही. बाहेर उभ्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला वजन तपासणारा इतक्या वर्षांनी आपल्या पत्त्यावर सापडला होता, आणि लगेच कामाला लागला होता.

मग मालक स्वतःहून मागे सरकले आणि बाहेर आले. बझर थांबला. दार मिटलं, मंडळी मालकांशिवायच वर निघून गेली, आणि व्हरांड्यात दोघंच उरली.

मालक वहिनींजवळ आले. इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला. "वहिनी, एक विचारू का? होण्यासारखं असेल तरच."

वहिनींनी कंबर कसली. बझर हळू करा म्हणतील, वजनाची मर्यादा थोडी वाढवा म्हणतील, आपल्यापुरती काच बाजूला सरकवा म्हणतील. तिन्हींना नकार त्यांच्या जिभेवर तयार होता. नोकरी गेली तर गेली.

"विचारा, साहेब."

"उद्यापासून," मालक म्हणाले, "मला आत आधी शिरू द्याल का?"